तारेचा वेढा आणि मागचा बाक

नंदुरबार जिल्ह्यातली एखादी आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणू. तालुका अक्राणी नाहीतर अक्कलकुवा, दिवस पावसाळ्याचे, वर्गावर पत्रे. सर फळ्याजवळ उभे राहून शिकवत आहेत. मागच्या बाकावरची एक मुलगी, प्रश्न विचारला की गप्प राहते. घरी ती भिली किंवा पावरी बोलते. त्यामुळे 'तिला मराठी समजत नाही' असा निष्कर्ष आपण पटकन काढतो. पण तिला ऐकूच कमी येत असेल तर? भाषेच्या अडचणीआड बहिरेपणा सहज लपतो. लहान वयात वारंवार कान फुटणे हे ऐकू कमी येण्याचे एक नेहमीचे कारण आहे, आणि त्यावर उपचार होऊ शकतात. म्हणून पहिले पाऊल कानांच्या तपासणीचे.

समजा, तपासणी झाली आणि कर्णयंत्रही मिळाले. प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. यंत्राचा मायक्रोफोन मुलीच्या कानाशी आहे आणि सर चार मीटर दूर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 1 मीटरवरून 4 मीटरवर जाताना 12 डेसिबलने. वर्गातल्या भिंतींमुळे हा आकडा थोडा बदलतो, पण पत्र्यावरचा पाऊस आहे तेवढाच राहतो. यंत्र दोन्ही आवाज मोठे करते. 'यंत्र लावूनही ऐकत नाही' ही तक्रार इथून येते.

यावर एक साधा उपाय आहे: हिअरिंग लूप, म्हणजे तारेचा वेढा. त्यामागचे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व फॅरेडेने 1831 साली दाखवले. ऐकण्यासाठी त्याचा असा उपयोग करण्याचे पेटंट ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी 1937 साली मिळवले.

सरांच्या कॉलरवर मायक्रोफोन लावायचा. त्याचा संदेश अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जातो, आणि तिथून वर्गाच्या कडेने जमिनीलगत फिरवलेल्या तारेत. तारेतली धारा आवाजाबरहुकूम बदलते, म्हणून वर्गातले चुंबकीय क्षेत्रही तसेच बदलते. अनेक कर्णयंत्रांत एक चिमुकले वेटोळे असते. बटण 'टी'वर नेले की ते या क्षेत्रातून विद्युत संदेश उचलते. सरांचे बोलणे थेट यंत्रात पोहोचते. पाऊस आणि बाकांची खडखड बाहेर राहते.

हे वर्गात करून पाहू. लाकडी टेबलाभोवती 30 गेजच्या इनॅमल तारेचे आठ वेढे द्या. टेबलाचा घेर 4 मीटर असेल तर 32 मीटर तार लागेल आणि तिचा रोध सुमारे 7 ओहम होईल. बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओचा 8 ओहमचा स्पीकर सोडवून त्या जागी या तारेची टोके जोडा. रेडिओ मुका होईल. आता एका लोखंडी खिळ्यावर बारीक इनॅमल तारेचे चारशे वेढे गुंडाळा आणि टोके शाळेच्या लाउडस्पीकर संचाच्या माइकच्या जागी जोडा. कर्णा जरा दूर ठेवा. खिळा टेबलाच्या मध्यावर उभा धरला की बातम्या ऐकू येतील; आडवा केला की आवाज मंदावेल. का? मध्यावर चुंबकीय क्षेत्राची दिशा उभी असते. डोके फार कलले तर कर्णयंत्रातला आवाज उतरतो, त्याचेही कारण हेच.

मर्यादाही सांगायला हव्यात. वर्गासाठी खास लूपचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि बसवल्यावर मोजणी करावी लागते. आवाजाच्या शिखरावर क्षेत्र मीटरला 400 मिलिअँपिअर भरावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. सळया आणि पत्रे क्षेत्र कमी करतात. सदोष वायरिंगची घरघर ऐकू येते. वेढ्याचा आवाज शेजारच्या वर्गातही झिरपतो. वीज गेली की बॅटरी हवी. सर्वच यंत्रांत 'टी' नसते, घेतानाच विचारावे. आता ब्लूटूथवर चालणारी साधनेही आली आहेत. ज्या मुलांना यंत्रानेही ऐकू येत नाही, त्यांना लूपचा उपयोग नाही. त्यांना खुणांची भाषाच हवी.

आणि तार येईपर्यंत? त्या मुलीला पुढच्या बाकावर बसवू, फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळू. एवढ्याला तर तारही लागत नाही.