लेकीचा लॅपटॉप घेताना

आज बोलायचंय लॅपटॉपवर. तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही बचत गटाच्या बाया, आम्हाला त्यातलं काय कळतं? पण पैसे आपलेच जाणार आहेत. म्हणून कळून घेऊ.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हेमिंगचं काम करणारी आमच्या गटातली एक ताई जूनच्या बैठकीत कागद घेऊन आली. लेकीला इंजिनिअरिंगला घालायचंय, दुकानदारानं लॅपटॉपचा भाव लिहून दिलाय, ८५,००० रुपये. म्हणाली, "गटातून तेवढं कर्ज द्या. दुकानदार म्हणतो, इंजिनिअरिंगला हाच लागतो."

मी विचारलं, "पोरीला शाखा कोणती मिळाली?" ताई म्हणाली, "अजून यादी लागायचीय."

पहिली गोष्ट इथंच आहे, बायांनो. प्रवेश पक्का होईपर्यंत लॅपटॉप घेऊ नका. सीईटीनंतर प्रवेशाच्या फेऱ्या होतात आणि एका फेरीतून दुसऱ्या फेरीत कॉलेज बदलतं, शाखाही बदलते. शाखा बदलली की लागणारा लॅपटॉपही बदलतो. पहिल्या वर्षाला बरंचसं काम कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत होतं. महिना-दोन महिने थांबलं तर पोरीचं काही अडत नाही. कॉलेज सुरू झालं की तिनं आपल्याच शाखेच्या वरच्या वर्गातल्या मुलींना आणि सरांना विचारावं, "कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात?" त्या उत्तरावरून खरेदी ठरवायची.

आता लॅपटॉपच्या आत काय असतं ते पाहू. कारखान्यातलं पॅकिंग खातं डोळ्यांपुढं आणा. काम करणारी बाई म्हणजे प्रोसेसर. तिच्या पुढचं टेबल म्हणजे रॅम. मागचं गोदाम म्हणजे एसएसडी. बाई कितीही चपळ असली आणि टेबल वीतभर असलं, तर ती सारखी गोदामाकडंच पळत राहणार. लॅपटॉप अडकत अडकत चालतो तो बऱ्याचदा यामुळंच. म्हणून टेबल मोठं हवं. रॅम १६ जीबी असेल तर चार वर्षं निभतात. पैसे कमी असतील तर ८ जीबीचा घ्या, पण आधी विचारा, "पुढं रॅम वाढवता येते का?" काही लॅपटॉपमध्ये रॅम आतच पक्की बसवलेली असते, ती कधीच वाढत नाही. गोदाम एसएसडीचंच हवं, ५१२ जीबी पुरतं.

हे मी ठेच खाऊन शिकले. माझ्या भाच्यासाठी मी स्वस्त बघून ४ जीबीचा लॅपटॉप घेतला होता. रॅम वाढेना, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालेना. दीड वर्षात दुसरा घ्यावा लागला. म्हणजे फार महागात जसं नुकसान आहे, तसं फार स्वस्तातही आहे.

कोणाला काय लागतं? कॉम्प्युटर शाखेला प्रोग्रॅम लिहायचे असतात, त्याला चांगला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम बास. मेकॅनिकल आणि सिव्हिलला ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स अशी चित्रं काढायची सॉफ्टवेअर लागतात. सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, म्हणून तिथं विंडोजचाच लॅपटॉप घ्यावा. मोठी थ्रीडी कामं असतील तरच वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. गेमिंगचा लॅपटॉप महाग, जड आणि बॅटरी लवकर संपवणारा. पोरीला तो पाठीवर घेऊन बसनं जायचंय, हे विसरू नका.

जुना लॅपटॉप घेणार असाल तर एक विचारा, "यावर विंडोज ११ चालतं का?" विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. आणि दुकानदार ऑटोकॅड टाकून द्यायचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. ती कंपनी पात्र विद्यार्थ्यांना वर्षभराचा परवाना फुकट देते, दरवर्षी तो पुन्हा घेता येतो.

आता पैशाचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं. लॅपटॉप मात्र त्यात येत नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर अर्जातच लॅपटॉपचा खर्च दाखवा. अभ्यासाला गरज असेल तर बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत तो धरता येतो आणि ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही.

गटाचं कर्ज घेतलं तर हिशेब असा. ४०,००० रुपये, शेकडा २ रुपये महिना, दरमहा २,००० मुद्दल फेडलं तर २० महिन्यांत व्याज ८,४०० रुपये होतं. ते गटातच राहतं. दुकानातला "बिनव्याजी" हप्ता घेण्याआधी दोन गोष्टी विचारा : प्रक्रिया शुल्क किती? आणि रोख दिले तर भाव किती कमी?

आमच्या ताईच्या लेकीला शेवटच्या फेरीत सोलापुरातच इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून ४८,००० चा लॅपटॉप घेतला. ८,००० ताईच्या बचतीचे, ४०,००० गटाचे. वाचलेले ३७,००० म्हणजे ताईच्या कित्येक महिन्यांचं हेमिंग.

दुकानात जाताना लेकीला बरोबर घ्या आणि कागदावर पाच प्रश्न लिहून न्या : रॅम किती आणि वाढते का? एसएसडी किती? विंडोज मूळ परवान्याचं आहे का? वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती सोलापुरात होते का? जीएसटीचं पक्कं बिल देता का? उत्तरं बिलावर लिहून घ्या. जो दुकानदार लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडून उठून या.

पुढच्या बैठकीत हा कागद सगळ्या जणी मिळून तयार करू. येते मैत्रिणींनो, नमस्कार.