सर्व्हरचं स्थलांतर, भाग ५ : डिस्क पोहोचली, विंडोज उठेना

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि महिन्याभरातच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. तेव्हापासून अनेक कार्यालयं आपले सर्व्हर प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्हीवर हलवत आहेत. डिस्कची फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात कशी न्यायची, ते मागच्या भागात पाहिलं. ते काम सहसा सुरळीत होतं. अडतं ते नवी व्हीएम पहिल्यांदा सुरू करताना.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच : गाडी नेमकी कुठे थांबली?

काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर आधी फर्मवेअर तपासावं. जुनी व्हीएम बायोसवर चालत असेल आणि नवी यूईएफआयवर बनवली असेल, तर बूटलोडर सापडणारच नाही. हायपर-व्हीमध्ये पहिली पिढी म्हणजे बायोस, दुसरी म्हणजे यूईएफआय. व्हीएम बनवल्यावर पिढी बदलता येत नाही, नवीच बनवावी लागते.

विंडोजचा लोगो दिसला आणि मग निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ झळकलं, तर गोष्ट वेगळी. इथे बरेच जण डिस्क खराब झाली असं धरून पुन्हा कॉपी करायला बसतात आणि रात्र वाया घालवतात. डिस्क बहुधा धडधाकट असते. बूटलोडर डिस्क वाचतो ती फर्मवेअरच्या मदतीने. पण कर्नलने सूत्रं हाती घेतली की पुढचं वाचन त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतं. प्रॉक्समॉक्समध्ये वेगासाठी डिस्क बहुतेकदा व्हर्टआयओ कंट्रोलरला जोडतात आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबत येत नाही.

उपाय सोपा आहे. मुख्य डिस्क तात्पुरती साटा कंट्रोलरला जोडावी. त्याचा ड्रायव्हर विंडोजकडे असतो. सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर लावून विंडोज सुरू करावी आणि ड्रायव्हर बसवावा. ही रिकामी डिस्क टाळू नये : कंट्रोलर समोर दिसल्यावरच विंडोज तो ड्रायव्हर बूटच्या वेळी लागणाऱ्यांत धरते. मग व्हीएम बंद करून मुख्य डिस्कही व्हर्टआयओवर न्यावी.

लिनक्समध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो, तरी रेड हॅट घराण्यातली व्हीएम ड्रॅकटच्या आपत्कालीन प्रॉम्प्टवर अडकू शकते. तिथली इनिटरॅमएफएस जुन्या यंत्राला लागणारेच ड्रायव्हर घेऊन बनलेली असते. ग्रबच्या मेनूतली ‘रेस्क्यू’ नोंद मात्र सर्वसाधारण ड्रायव्हरांसह बनवलेली असते. तिच्यातून आत शिरून इनिटरॅमएफएस नव्याने बनवली की काम होतं.

स्थलांतराआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, आणि नवी व्हीएम दोन-तीनदा नीट सुरू झाल्याशिवाय जुनी हटवू नका.