अंडे : गैरसमज आणि आरोग्य

वर्षावासात प्रवचन संपल्यावर उपासक-उपासिका जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो. अंडे खाल्ल्याने पंचशील मोडते काय? म्हणून आरोग्याकडे वळण्यापूर्वी आम्ही याचेच उत्तर देतो.

बाजारात मिळणारे पोल्ट्रीचे अंडे निर्बीज असते. तेथे कोंबड्यांत कोंबडा ठेवलेला नसतो, त्यामुळे त्या अंड्यातून पिलू निघण्याचा प्रश्नच नसतो. गावरान अंडे मात्र सबीज असू शकते. शिवाय भिक्षूंनी मांस-मासे वर्ज्य करावेत हा देवदत्ताचा आग्रह भगवान बुद्धांनी मान्य केला नव्हता, आणि परमपूज्य बाबासाहेबांनीही अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असेच मांडले आहे. तरीही ज्यांचे मन घेत नाही त्यांनी खाऊ नये. त्यांना कोणी हिणवू नये.

आता अंड्यात आहे तरी काय? साधारण 50 ग्रॅमच्या एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रथिने आणि 70 ते 75 उष्मांक मिळतात. बलकात अ आणि ड जीवनसत्त्वे असतात, शिवाय ब-12 असते, जे भाजी-भाकरीतून मिळत नाही. आपल्या बीड जिल्ह्यात पोट भरते ते ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. अंड्यात तो भरपूर असतो. म्हणजे भाकरीबरोबर अंडे खाल्ले तर भाकरीचीही किंमत वाढते! तूरडाळ, हरभरा यांनीही हे काम होते, हे विसरू नये. कवच पांढरे की तांबूस, याने पोषणात काही फरक पडत नाही. तो रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो.

परंतु अंडे म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. आपल्या भगिनींमध्ये रक्तक्षय फार आढळतो. अंड्यात लोह असते खरे, पण ते शरीरात फार कमी शोषले जाते, आणि क जीवनसत्त्व तर अंड्यात मुळीच नसते. तेव्हा रक्त वाढावे म्हणून नुसत्या अंड्यावर विसंबून चालणार नाही. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, जेवणात लिंबू, आवळा, पेरू असावा आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये.

कोलेस्टेरॉलची भीती पूर्वी फार घातली गेली. एका बलकात सुमारे 185 ते 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. परंतु रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते, आणि ते वाढवण्यात डालडा-तुपासारख्या स्निग्धांशाचा वाटा मोठा असतो. अमेरिकेच्या आहारविषयक शिफारशींतून रोजच्या 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 नंतर वगळली गेली. निरोगी माणसाला रोज एक अंडे चालते. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. तेलात तरंगणारे ऑम्लेट आम्ही यात धरलेले नाही.

तालमीतील तरुण दुधात कच्चे अंडे फोडून पितात. ते टाळावे. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते, शिवाय उकडलेल्या अंड्यातील प्रथिने अधिक पचतात. उन्हाळ्यात अंडे 'उष्ण पडते' म्हणतात, पण खरी भीती ते उन्हाने नासण्याची असते. पाण्यात टाकलेले अंडे वर तरंगले तर ते जुने समजावे.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरवले. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबवून लोकसहभागातून व्यवस्था करावी असे शाळांना सांगण्यात आले. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत अंडी आहेत, पण आपला जिल्हा त्या क्षेत्रात येत नाही. ज्या गावातून दिवाळीनंतर कोयते कारखान्यावर जातात, त्या गावाने लोकसहभाग द्यायचा कोठून? म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या आपल्या सभासदांनी हा विषय बैठकीत मांडावा, आणि हंगामी वसतिगृहात राहिलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांपासून सुरुवात करावी. अंडे घरी देऊ नये, शाळेतच उकडून खाऊ घालावे. घरी नेलेले अंडे आधी भावाच्या ताटात जाते, मुलीच्या वाट्याला उरत नाही.