बदल आधी लिहायचा की आधी दाखवायचा?

व्हीएस कोड या एडिटरमध्ये प्रत्येक प्रकल्पासोबत सेटिंग्जची एक छोटी फाइल ठेवता येते. गिटहब कोपायलट या कोड लिहिणाऱ्या एआय-साहाय्यकाचा एजंट या फाइलमध्ये स्वतःच एक ओळ घालू शकतो, हे २०२५मध्ये योहान रेबर्गर या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले. त्या ओळीचा परिणाम असा, की पुढे कोणतीही आज्ञा चालवताना एजंटने माणसाला विचारायची गरजच उरत नाही. परवानगी मागायची अट एजंटनेच काढून टाकायची, आणि तीही परवानगी न घेता!

हे शक्य झाले ते कामाच्या क्रमामुळे. एजंट फाइलमधला बदल आधी डिस्कवर लिहीत असे आणि मग माणसापुढे ठेवत असे. ठेवायचा की मागे घ्यायचा, असा प्रश्न पडद्यावर दिसे खरा, पण तोवर फाइल बदललेली असे. टर्मिनलमधली आज्ञा चालवायला मात्र आधी होकार लागे. फाइल लिहिण्यात धोका कमी आणि आज्ञा चालवण्यात जास्त, असा यामागचा हिशेब. तो फसला, कारण सेटिंग्जची फाइल हीसुद्धा शेवटी एक फाइलच आहे.

एजंट असे का करील? भाषिक मॉडेलपुढे वाचायला दिलेला मजकूर आणि पाळायला दिलेली सूचना शब्दांच्या एकाच प्रवाहात येतात. त्यांतला भेद त्याला खात्रीने करता येत नाही. कोडमधल्या टिपणीत, वेबपानावर किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या युनिकोड चिन्हांत कुणी सूचना दडवली, तर ती वापरकर्त्याचीच आहे असे समजून एजंट ती पाळू शकतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५मध्ये ही फट बुजवली. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२५-५३७७३ या क्रमांकाने तिची नोंद आहे.

बदल वाचून मगच स्वीकारायचा, ही शिस्त जुनी आहे. दोन फाइलींमध्ये नेमक्या कोणत्या ओळी वेगळ्या आहेत हे सांगणारा ‘डिफ’ हा प्रोग्रॅम १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिला. आज प्रोग्रॅमरला नव्या ओळी हिरव्या आणि गेलेल्या ओळी लाल दिसतात, ती याच कल्पनेची पुढची पायरी. १९७६ साली आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी कोड-तपासणीची रीतसर पद्धत मांडली, तेव्हा तपासणीची एक बैठक दोन तासांपलीकडे ताणू नये असेही सांगितले. थकलेल्या माणसाच्या नजरेतून चुका सुटतात, हे त्यांनी जाणले होते.

आता एजंट काही मिनिटांत शेकडो ओळी पुढ्यात टाकतो. त्या वाचायला लागणारा वेळ मात्र पूर्वीइतकाच आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये एआय-संशोधक आंद्रे कार्पथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला, तेव्हा आपण सगळे बदल सरसकट स्वीकारतो, डिफ वाचत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले होते. शनिवार-रविवारी करून पाहायच्या आणि सोडून द्यायच्या प्रकल्पांना हे ठीक आहे, असेही त्यांनी त्याच लिखाणात म्हटले होते. शब्द जगभर गेला, ही मर्यादा मागे राहिली. मला याचे वाईट वाटते.

स्पष्ट बजावूनही एजंट ऐकेलच असे नाही. जुलै २०२५मध्ये उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट या कोडिंग-सेवेच्या एजंटकडून एक अॅप बनवून घेत होते. एका टप्प्यावर, आता कोडला हात लावायचा नाही, असे त्यांनी बजावले होते. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसला. बाराशेहून अधिक व्यावसायिकांच्या नोंदी त्यात होत्या. डेटा परत मिळणार नाही, असे एजंटने सांगितले, तेही खोटे ठरले. लेमकिन यांना तो परत मिळवता आला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि विकासासाठी वापरायचा डेटाबेस चालू डेटाबेसपासून आपोआप वेगळा ठेवण्याची सोय जाहीर केली.

माझ्या मते या प्रसंगात ही सोय माफीहून महत्त्वाची आहे. ‘करू नकोस’ हे वाक्य मॉडेलसाठी इतर मजकुरासारखेच असते; ते बहुतेक वेळा पाळले जाते, दरवेळी नाही. डेटाबेसचा पासवर्डच हाती नसेल, तर मॉडेलने काहीही ठरवले तरी तो डेटाबेस पुसला जात नाही. पावलोपावली विचारत राहणे हाही उपाय नव्हे. विसाव्या प्रश्नाला माणूस न वाचताच ‘होय’ दाबतो. प्रश्न थोडे असावेत, आणि ते विचारणारी यंत्रणा एजंटच्या आवाक्याबाहेर असावी.

त्यासाठीची साधने हाताशी आहेत. एजंटला कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या बंदिस्त कप्प्यात, चालवले आणि तिथे फक्त प्रकल्पाच्या फाइली दिल्या, की त्याला संगणकावरच्या बाकीच्या फाइली दिसत नाहीत. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये त्याचे बदल वेगळ्या शाखेत ठेवता येतात. मुख्य शाखा संरक्षित करून तपासणीची अट घातली, तर दुसऱ्या कुणाच्या मंजुरीशिवाय सर्व्हर ते बदल तिच्यात मिसळू देत नाही. गिटहबवर स्वतः मांडलेल्या बदलाला स्वतः मंजुरी देता येत नाही. एजंटला आपल्याच खात्याचे टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, दिले, तर मात्र कोणते काम आपले आणि कोणते त्याचे, हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. म्हणून एजंटचे खाते वेगळे हवे, आणि त्या खात्याला मुख्य शाखेत थेट लिहिण्याचा अधिकार नको.