गच्चीवरील परस

जुन्या घरांना परस असे. घराच्या मागील अंगास, मोरीचे पाणी जेथे निघून जाई तेथे, अळू आणि केळ ही दोन तरी हटकून असावयाचीच. जरा पलीकडे शेवगा, कढीलिंब, एखादे लिंबाचे झाड आणि मांडवावर चढलेला दुधी किंवा घोसाळे. या परसाची कोणी मुद्दाम मशागत करी असे नाही. खरकटे पाणी, चुलीची राख, भाजीची देठे, गोठ्यातील शेण हे सारे घरातून निघे, परसात जाई आणि काही दिवसांनी अळूच्या पानांच्या रूपाने पुन्हा स्वयंपाकघरात येई. शहरात राहणाऱ्याला घरची भाजी खावीशी वाटली, की त्याला त्या परसातील झाडे आठवतात. हा येण्याजाण्याचा व्यवहार मात्र आठवत नाही. वस्तुतः झाडांपेक्षा तोच महत्त्वाचा होय.

गच्चीवर बाग करावयाचे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो मातीचा. मग गाडीभर लाल माती मागविली जाते, विटांचे वाफे बांधले जातात, आणि शेतच उचलून वर नेल्यासारखे होते. येथे थोडा हिशेब करणे बरे. भिजलेली माती घनमीटरला साधारणपणे १,७०० किलो भरते. म्हणजे २० सेंटिमीटर जाडीचा ओला थर दिला तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३४० किलो वजन पडले. ज्या गच्चीवर माणसांची जा-ये अपेक्षित आहे तिच्यासाठी १९८७ च्या भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतकाच आहे. इमारत एका दिवसात खचत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट दुर्लक्षिली जाते. पण वाफ्याखाली कायम राहणारी ओल आणि तिने गंजणारी सळई दिसावयास लागते तेव्हा खालच्या मजल्यावरील छताचा गिलावा सुटलेला असतो. तेव्हा कुंड्या व पिंपे विटांवर, कठड्याच्या कडेने, शक्यतो खांब व तुळया असतील त्या जागी ठेवावी, आणि मोठे वाफे करावयाचे झाल्यास इमारतीच्या जाणकाराला आधी विचारावे.

याहून उत्तम मार्ग असा, की माती आणावयाची नाही, करावयाची. बुडाला व बाजूंना भोके असलेले एखादे पिंप घ्यावे. तळाशी नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावे, वर वाळलेल्या पानांचा थर द्यावा आणि त्यावर रोजची भाजीची देठे, साली, चहाचा चोथा टाकून पुन्हा वाळलेल्या पानांनी झाकावे. ओल्या टोपलीभर कचऱ्याला कोरड्या पानांच्या दोन-तीन टोपल्या हे प्रमाण ठेवावे. कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना नत्राच्या सुमारे ३० पट कर्ब लागतो. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक, पानांत कर्ब अधिक, आणि दोहोंची सांगड बसली म्हणजे काम सुरळीत चालते. घाण येऊ लागली तर पाने कमी पडली असे समजावे. ढीग नुसताच सुकून राहिला तर पाण्याचा हबका मारावा. दोन-तीन महिन्यांत पिंपातील जिन्नस खाली बसून निम्म्याहूनही कमी होतो, काळा व भुसभुशीत होतो, आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. यात थोडी लाल माती व मूठभर निंबोळी पेंड मिसळली की हलके आणि कसदार असे मिश्रण तयार झाले. शहरांतून पाने झाडून पेटवून देण्याची जी रीत आहे तिच्याइतकी उधळपट्टी क्वचितच दुसरी असेल!

हीच देठे घराबाहेर गेली म्हणजे काय होते? मुंबईचा कचरा देवनार येथे १९२७ पासून पडत आला. ढिगाच्या पोटात, हवा न मिळता, ओला कचरा कुजला की त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या ढिगांना लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती व तिच्या धुराने शहर कोंदले होते. जिन्नस तोच, हवा मिळाली तर खत, न मिळाली तर वायू.

माती झाली, आता ऊन. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना निदान सहा तास ऊन हवे. पालक, मेथी, कोथिंबीर यांचे तीन-चार तासांत भागते. अळू, आले, पुदिना ही अर्धवट सावलीतही तग धरतात. सज्जात बाग करणाऱ्याने सूर्याची चाल वर्षभर पाहिली पाहिजे. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडेच असतो. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो माथ्याच्या उत्तरेस जातो; त्यामुळे हिवाळ्यात उन्हाने न्हाऊन निघणाऱ्या दक्षिणेच्या सज्जात त्या दिवसांत दुपारी सावली पडते, आणि टोमॅटोची वाढ एकाएकी का खुंटली हे कळेनासे होते. पूर्वेकडील सज्जा या दृष्टीने सर्वांत भरवशाचा.

नवशिक्याने मेथीपासून आरंभ करावा. वीतभर खोल मातीही तिला पुरते, आणि महिन्याभरात ती खुडता येते. वेलभाज्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही. दुधी, दोडका, कारले यांची नर व मादी फुले निरनिराळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. उंच इमारतींवर मधमाश्या व पतंग फारसे फिरकत नाहीत, म्हणून ते काम आपणच करावे लागते. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे केसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. कारल्याला हाच उपचार सकाळी करावा.

फळझाडांपैकी कागदी लिंबू दीड फूट खोल पिंपात समाधानाने राहते. आंब्याची हौसच असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी व नीलम यांच्या संकरातून झालेली आम्रपाली ही ठेंगणी जात पाहावी. हापूसचा हट्ट गच्चीवर धरू नये. पपई लवकर फळते. पण तिच्या बहुतेक जुन्या जातींत नर व मादी झाडे वेगळी असतात, आणि बीवरून लावलेले रोप कोणते हे फूल आल्यावाचून कळत नाही. तेव्हा तीन-चार रोपे लावावी, आणि फुलावर आल्यावर एखादे नर झाड परागासाठी राखून बाकीची उपटून, बारीक तोडून, माती करण्याच्या पिंपात टाकावी.