शस्त्रक्रियेनंतर सशाचे पोट

माणसावर शस्त्रक्रिया व्हायची असली म्हणजे त्याला कित्येक तास आधीपासून उपाशी ठेवतात. नंतरही पोट सावरेपर्यंत पेज, वरणाचे पाणी असा हलका आहार देतात. लंघनाने पोटाला विश्रांती मिळते, ही समजूत घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाळलेल्या सशाला मात्र हाच न्याय लावला तर तो दगावण्याचा संभव असतो. सशाच्या पोटाला विश्रांती सोसत नाही.

भुलेत ओकारी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, हा माणसाच्या उपासाचा मुख्य हेतू. सशाला ओकारी होतच नाही. म्हणून जाणकार पशुवैद्य त्याच्यापुढचा चारा शस्त्रक्रियेपूर्वी फार तर तास-दोन तास काढून घेतात, तोही तोंडात घास राहू नये एवढ्याचसाठी. सशाच्या लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर अंधांत्र नावाची एक पिशवी असते. माणसात ती अगदी लहान. सशात जठराहूनही कितीतरी मोठी. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू गवत आंबवून त्याचे पोषक द्रव्य बनवीत असतात. गवताचे भरड तंतू आतड्यांना सतत चालना देतात. तंतू थांबले की आतडी मंदावतात, जंतूंचा समतोल बिघडतो आणि वायू धरतो.

उपासाने सशाचे काय होते, याचा एक जुना दाखला क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. बाजारातून आणलेल्या सशांचे मूत्र नेहमीप्रमाणे गढूळ नसून मांसाहारी प्राण्याप्रमाणे स्वच्छ व आम्ल असल्याचे त्याला आढळले. गवत खाऊ घालताच ते पुन्हा गढूळ झाले. उपाशी ससा स्वतःच्याच शरीरावर जगत असतो, असा निष्कर्ष त्याने काढला. आज याच्या पुढचेही ठाऊक आहे. उपाशी सशाच्या अंगातील चरबी यकृताकडे धाव घेते, तेथे साचते आणि यकृत निकामी होऊ लागते. लठ्ठ सशाला हा धोका अधिक.

शस्त्रक्रिया झाल्यावर ससा खात नाही तो बहुधा वेदनेमुळे. वेदना व भीती यांनी आतडी मंदावतात, मंद आतड्यांत वायू धरतो, वायूने वेदना वाढते. हे चक्र तोडण्यासाठी पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक वेळच्या वेळी देणे हा पहिला उपाय होय. माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नयेत. पोटातून दिलेली पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लिंडामायसिन ही औषधे तर अंधांत्रातील उपयुक्त जंतू मारून सशाचा प्राण घेऊ शकतात.

घरच्या माणसांनी लेंड्यांवर नजर ठेवावी. त्या बारीक, कोरड्या झाल्या किंवा बंद पडल्या, ससा पाठीला पोक काढून बसला, दात करकरा वाजवू लागला, तर आतडी थांबत आहेत असे समजावे. दहा-बारा तास काहीच न खाणे ही तातडीची बाब आहे. पोटात केसांचा गोळा झाला असेल म्हणून अननसाचा रस पाजण्याची पद्धत निरुपयोगी आहे. केस सशाच्या जठरात नेहमीच थोडेफार असतात, आतडी मंदावून पाणी आटले की ते घट्ट होतात इतकेच.

प्रथम कोथिंबीर, हरळी, वाळलेले गवत पुढे करावे व पाणी उघड्या वाडग्यात ठेवावे. तरीही तो खाईना, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने तंतुमय खाद्य पाण्यात कालवून सुई नसलेल्या पिचकारीने भरवावे. सशाला उताणे न करता, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून थोडे थोडे द्यावे व तो गिळेपर्यंत थांबावे. एका वेळेस वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिलिटर, दिवसातून चार-पाच वेळा, असे सामान्य प्रमाण आहे. परंतु पोट नगाऱ्यासारखे ताणलेले व अंग गार पडलेले असेल, तर घासभरही भरवू नये. आतड्यात अडथळा असण्याचा संभव असतो आणि अशा वेळी भरवणे घातक ठरते. सशाला तडक पशुवैद्याकडे न्यावे.

टाके चाटू नयेत म्हणून कुत्र्यामांजरांच्या गळ्यात शंकू बसवतात, तो सशाला शक्यतो टाळावा. अंधांत्रातून येणाऱ्या मऊ गोळ्या ससा गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. पाहणाऱ्याला ते किळसवाणे वाटते, पण सशाच्या पोषणाचा तो मोठाच भाग आहे. शंकूने तो बंद पडतो व वर भीतीची भर पडते. ज्याच्या सोबतीची सवय आहे असा शांत जोडीदार जवळ असला, तर पुष्कळदा त्याला खाताना पाहून हाही गवताला तोंड लावतो.