लिन चुंग दरोडेखोर का झाला?

आईच्या पोटातून कोणी दरोडेखोर होऊन येत नाही. मग माणूस त्या वाटेला लागतो कसा? चीनमधल्या एका जुन्या कादंबरीत याचे उत्तर आहे. तिचे नाव ‘शुइहू’, म्हणजे पाण्याचा काठ. शानतुंग प्रांतातील ल्यांगशान डोंगराभोवतीच्या दलदलीत जमलेल्या १०८ बंडखोरांची ही कथा.

काळ बाराव्या शतकाच्या आरंभीचा, हुइत्सुंग बादशहाचा. बादशहा चित्रकलेत निपुण. कारभार मात्र मर्जीतल्या माणसांच्या हाती. कथेतला काव छ्यू चेंडू छान खेळतो, एवढ्या गुणावर सेनापती होतो! लिन चुंग हा त्याच्या हाताखालचा सरळमार्गी शस्त्रशिक्षक. काव छ्यूच्या दत्तक मुलाची वाईट नजर लिनच्या बायकोवर पडते. मग काय, ‘तुमची नवी तलवार दाखवायला या’ असा निरोप धाडून लिनला जिथे हत्यार न्यायला बंदी, अशा दालनात नेतात आणि खुनाच्या प्रयत्नाचा आळ घालतात. चेहऱ्यावर गुन्हेगाराचे गोंदण आणि हद्दपारी! तिथेही मारेकरी येऊन चाऱ्याच्या गंजी पेटवतात. पण बर्फाच्या भाराने लिनची झोपडी आधीच कोसळलेली. तो जवळच्या देवळात निजलेला असतो, म्हणून वाचतो. त्या रात्री तो मारेकऱ्यांना ठार करतो आणि ल्यांगशान गाठतो. नाइलाजाने बंडाला उभे राहणे, याला चिनी भाषेत आजही ‘ल्यांगशानवर जाणे भाग पडले’ असेच म्हणतात.

तुम्ही म्हणाल, ही झाली गोष्ट, खरे किती? बंडखोरांचा नायक सुंग च्यांग इतिहासात होऊन गेला. ११२१ साली तो सरकारला शरण आला. बादशहाच्या बागेसाठी अंमलदार दुर्मिळ दगड नि झाडे गोळा करीत, ती बाहेर काढायला रयतेच्या घरांच्या भिंती पाडीत. या जाचातूनच दक्षिणेत ११२० साली फांग लाचे मोठे बंड पेटले.

पण बंडखोरांना देव करू नका बरं का. कथेत त्यांच्या हातून निरपराध माणसेही मरतात. शेवटी बादशहा त्यांना माफी देतो आणि फांग लावर धाडतो. त्यात बहुतेक कामी येतात. उरलेल्या सुंग च्यांगला दरबारी मंडळी विषारी दारू पाजतात. लाचखाऊ मात्र खुर्चीवर कायम! गुरुजींनी ही कथा मुलांना सांगताना हा शेवट गाळू नये. दरोडेखोराने अन्यायाचा सूड घेतला, पण न्यायाची कचेरी काही उभी राहिली नाही.

पुढे १६४२ साली मिंग दरबाराने या कादंबरीवरच बंदी घातली. दोनच वर्षांनी ली त्झछंग या बंडखोराने राजधानी पेकिंग जिंकली. तो डाकेच्या ठाण्यावरचा, काम गेलेला साधा नोकर होता. पुस्तक बंद केले, पण त्याच्यासारख्यांना रानात धाडणारा कारभार तसाच चालू होता.